स्वस्तातले भूत

भुताला मी भीत नाही. भुताच्या विनोदाला मात्र फार भितो. याचे कारण आमच्या घरातच आहे. आमची कन्या मुक्ता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिला एक चमत्कारिक छंद जडला आहे. शनिवारी रात्री जेवणे आटोपली, की ती दिवाणखान्यातले दिवे मालवते आणि टीव्हीवर भुताखेतांचे विनोदी चित्रपट लावते. तेही मोठ्या कंपन्यांचे नव्हेत, तर चार मित्रांनी उसनेपासने करून, पदरमोड करून काढलेले. त्यांतले रक्त कोकमाच्या सरबतासारखे दिसते, राक्षस रबराचा आहे हे लांबूनही कळते आणि भूत घरात शिरताना उंबऱ्याला अडखळते. मुक्ता पोट धरून हसते. सौभाग्यवती लसूण सोलता सोलता हसते. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसलेला असतो, आणि दर दहा मिनिटांनी पलीकडे कोणीतरी किंकाळी फोडते.

मराठीच्या प्राध्यापकाने असल्या विषयावर लिहावे का, असे या सदराचे काही जुने वाचक विचारतील. त्यांना माझे सांगणे एवढेच, की भाजीबाजार, ऱ्हस्वदीर्घ आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी यांच्यावर मी लिहिलेले ज्यांनी सोसले, त्यांनी एक भूतही सोसावे.

प्रथम मी विचार केला, की हातात पैसा नसलेली ही मंडळी नेमकी भुतांच्याच मागे का लागतात? उत्तर सोपे आहे. ऐतिहासिक चित्रपट काढायचा तर घोडे लागतात, प्रेमकथेला देखणी नायिका लागते. भुताला काय लागते? अंधार, आणि अंधार फुकट मिळतो. एक पडके घर, दोन विजेऱ्या आणि किंचाळायला तयार असलेले चार मित्र, की झाले भांडवल! शिवाय भीतीच्या जोडीला विनोद घेतला, म्हणजे विम्याची सोय होते. प्रेक्षक भ्याला तर उत्तम. न भिता हसला, तर आम्हांला हेच हवे होते असे म्हणायला मोकळे.

या मार्गावरचे एक जुने नाव म्हणजे रॉजर कॉर्मन यांचा १९६० सालचा अमेरिकन चित्रपट 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'. दुसऱ्या एका चित्रपटाचे नेपथ्य उभे होते. ते मोडण्यापूर्वी वापरून घ्यावे, हा कालच्या भाताला आज फोडणी देण्याचा गृहिणीचा हिशेब. मुख्य चित्रण दोन दिवसांत उरकले. खर्च सुमारे ३० हजार डॉलर. फुलांच्या दुकानातला एक बावळट पोरगा एक रोप वाढवतो आणि त्या रोपाला माणसाचे रक्त लागते, अशी ही कथा. रोपाला आवाज देणारा गृहस्थ म्हणजे खुद्द चित्रपटाचा लेखक चार्ल्स ग्रिफिथ. दंतवैद्याकडे दात काढून घेताना आनंदाने चीत्कारणारा एक रुग्ण यात आहे; तो म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला जॅक निकल्सन. झाड खोटे आहे हे पहिल्या क्षणीच दिसते. पण जन्मभर बोलणीच खाल्लेल्या त्या पोराचे त्या झाडामुळे प्रथमच कौतुक होते, आणि ते कौतुक टिकावे म्हणून तो काय काय करून बसतो, हे खोटे वाटत नाही. म्हणूनच १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये याच कथेचे संगीत नाटक झाले आणि १९८६ साली त्यावरून पुन्हा चित्रपट निघाला.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे. पीटर जॅक्सन हा वर्तमानपत्राच्या छापखान्यात नोकरी करणारा तरुण. त्याने सुट्टीच्या दिवशी मित्रांना गोळा करून चारेक वर्षे चित्रण केले, तेव्हा १९८७ साली 'बॅड टेस्ट' पुरा झाला. परग्रहावरचे राक्षस माणसाचे मांस नेऊन उपाहारगृहे चालवू पाहतात, असा त्याचा विषय. राक्षसांचे रबरी मुखवटे त्याने आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले. नट कमी पडले म्हणून दोन भूमिका स्वतःच केल्या, एक दाढीची, एक बिनदाढीची, आणि कड्यावर स्वतःशीच मारामारी केली. याच माणसाच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या भागाला २००४ साली ११ ऑस्कर मिळाली. ओव्हन अडवून बसलेल्या चिरंजीवांना त्या माउलीने घराबाहेर काढले नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

आता दुसरी बाजू. कौतुकाच्या भरात दोष झाकणे हे परीक्षकाला शोभत नाही. 'लिटल शॉप'चा शेवटचा पाठलाग टायरींच्या ढिगांतून इतका लांबतो, की वेळ भरून काढायचा होता हे कळून येते. 'बॅड टेस्ट'मध्ये संवाद मागाहून भरलेले, त्यामुळे तोंड एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. स्त्री म्हणून पात्र जवळजवळ नाहीच. आणि विनोद सुचला नाही, की ओकारी! जेवण झाल्यावर तो चित्रपट पाहू नये, आणि जेवणापूर्वी तर मुळीच पाहू नये. या साऱ्या जातीलाच काही रोग जडलेले आहेत. मित्रमंडळींनाच कळतील असे विनोद, वीस मिनिटांच्या कल्पनेचे दीड तास आणि बायकांना किंचाळण्यापलीकडे काम नसणे, हे त्यांतले मुख्य. यांतल्या कित्येक दोषांचे खापर गरिबीवर फोडता येत नाही. चांगला संवाद लिहायला कागदच लागतो, आणि तो स्वस्त आहे.

याहून मोठा रोग मला पुढे दिसला. २०१३ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'शार्कनेडो' आला. वावटळीबरोबर समुद्रातले शार्क मासे उडून शहरावर पडतात! लोक इतके हसले, की २०१८ पर्यंत त्याचे एकंदर सहा भाग निघाले. मुक्ताबरोबर मी पहिला पाहिला. दहा मिनिटे हसलो आणि मग कंटाळलो. का कंटाळलो, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. कॉर्मनची माणसे, जॅक्सनची माणसे आपला उणेपणा झाकण्यासाठी जिवाचे रान करतात आणि तरी तो दिसतो. त्या धडपडीचे आपल्याला हसू येते आणि मायाही वाटते. इथे उणेपणा मुद्दाम दुकानात मांडून ठेवला आहे. घाईत निघालेल्या माणसाचा सदरा उलटा झाला, तर आपण हसून त्याला सांगतो. जो हौसेने सदरा उलटा घालून चौकात उभा राहतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणी पाहत नाही.

हा सिद्धांत मी मोठ्या ऐटीत मुक्ताला ऐकवला. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्हांला पिक्चरमध्ये कळतं." आणि उठून आत गेली.

तिच्या बोलण्याचा रोख मला कळला होता. गेल्या जानेवारीत तिच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिने स्वतः लिहिलेली, स्वतः बसवलेली एकांकिका झाली. भाड्याच्या घरातले भूत अनामत रकमेत आपला वाटा मागते, असा फार्स होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. घरी आल्यावर जेवताना तिने विचारले, "बाबा, कसं झालं?" मी बोटे मोडून सात चुका सांगितल्या. दार सारखे हलत होते. टकटक होण्याआधीच ते उघडले. सासूने एकच संवाद दोनदा म्हटला. भूत उशिरा आले आणि आल्याबरोबर शिंकले. उरलेल्या दोन आता आठवत नाहीत. तिला आठवत असतील. ती काही बोलली नाही. आमटीची वाटी दोन्ही हातांनी उचलून तिने तोंडाला लावली, एवढे मला दिसले. दमली असेल, असे मी मनाशी म्हटले. त्यानंतर मात्र तिने आपले लिखाण मला दाखवणे बंद केले.

आषाढातल्या एका शनिवारी बाहेर पाऊस कोसळत होता, उत्तरपत्रिका संपल्या होत्या. मुक्ताने दारात येऊन विचारले, "एक जपानी पिक्चर आहे. बघता? पण मधेच उठायचं नाही." तो शिनइचिरो उएदा या दिग्दर्शकाचा २०१७ सालचा चित्रपट, इंग्रजीतले नाव 'वन कट ऑफ द डेड', जपानी नावाचा अर्थ 'कॅमेरा थांबवू नका!' ज्यांना तो कोरा पाहायचा असेल, त्यांनी पुढचे तीन परिच्छेद आज सोडून द्यावेत.

आरंभीची ३७ मिनिटे एकाही तुकड्याशिवाय, सलग चित्रित केलेली आहेत. एका ओसाड जलशुद्धी केंद्रात काही मंडळी चालत्या प्रेतांचा चित्रपट काढीत आहेत आणि तिथे खरीच प्रेते येतात. पण काय ती कारागिरी! भीतीचा प्रसंग चालू असताना तीन माणसे उभी राहून एकमेकांचे छंद विचारतात. एकजण कारण नसताना दार उघडून बाहेर जातो. मधेच कॅमेरा जमिनीवर पडतो आणि कितीतरी वेळ तसाच पडून राहतो. मी सवयीप्रमाणे बोटे मोडू लागलो. सहावी चूक मोजून उठणार, तोच मुक्ता म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं थांबा."

चित्रपट एक महिना मागे जातो. दिग्दर्शक हा बिचारा साधा संसारी माणूस. स्वस्त, झटपट आणि बऱ्यापैकी, एवढेच त्याचे ब्रीद. वयात आलेल्या मुलीला बापाच्या कामाचे कौतुक उरलेले नाही. त्याला सलग, थेट प्रक्षेपणाचा भुताचा खेळ करण्याचे काम मिळते. मग तीच ३७ मिनिटे आपण पडद्यामागून पाहतो. एक नट दारू पिऊन आडवा झालेला. त्याला उभा करीपर्यंत वेळ काढायचा म्हणून त्या छंदांच्या गप्पा. बाहेर गेलेल्याचे पोट बिघडलेले. कॅमेरा पडला, कारण कॅमेरावाल्याची कंबर गेली. माझ्या सहाही चुका एकेक करून परत आल्या, आणि प्रत्येकीच्या मागे कोणीतरी घामाघूम होऊन धावत होते. शेवटचे दृश्य उंचावरून घ्यायचे, तर यंत्र मोडलेले. तेव्हा नट, तंत्रज्ञ, सगळे गोविंदांसारखे थर लावतात आणि सर्वांत वर बापाच्या खांद्यावर बसून मुलगी कॅमेरा धरते. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसलेली होती, तशीच.

३० लक्ष येनांत, अनोळखी नटांना घेऊन केलेला हा चित्रपट २०१८ साली तोकियोत अवघ्या दोन चित्रगृहांत लागला, आणि पुढे जपानभर त्याने ३०० कोटी येनांहून अधिक मिळवले. खर्चाच्या हजारपट! सौभाग्यवतीच्या हातातला लसूण तसाच राहिला होता. मी चष्मा पुसत होतो. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते.

बऱ्याच वेळाने मी विचारले, "मुक्ता, त्या दिवशी तुमचं दार का हलत होतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग सांगू लागली. दाराच्या चौकटीमागचा टेकू आधीच्या नाटकाची मुले सामानाबरोबर चुकून घेऊन गेली. पडदा उघडायला दोन मिनिटे उरली होती. तेव्हा तिने आणि आणखी एका मुलीने मागून ते दार हातांनी धरले, ते पस्तीस मिनिटे धरून ठेवले. टकटक होण्याआधी दार उघडले, कारण घामाने तिचा हात निसटला. भुताच्या झग्याची नाडी तुटली होती. ती बांधून होईपर्यंत सासूने प्रसंगावधान राखून आपला संवाद पुन्हा म्हटला. आणि भूत शिंकले ते पावडरीमुळे. ती हसत होती, हातवारे करून सांगत होती. मला मात्र ती दोन्ही हातांनी उचललेली आमटीची वाटी दिसत होती. तिचे हात भरून आले होते आणि मी सात चुका मोजत होतो.

म्हणजे त्या चुका नव्हत्या, असे नव्हे. प्रेक्षक तिसऱ्या रांगेतून जे दिसते तेच पाहणार; त्याला मागचा टेकू दाखवता येत नाही. फार्सचा शेवट गुंडाळलेला होता, हे माझे मत मी त्या रात्रीही सोडले नाही, आणि तिनेही ते मान्य केले. फक्त एवढेच, की चुका सांगण्याआधी मी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारायला मला सहा महिने आणि एक जपानी चित्रपट लागला. रात्रीचा एक वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो.

सध्या तिची नवी एकांकिका बसते आहे. यातही भूत आहेच. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात तालीम होती आणि दार धरायला माणूस नव्हता. मराठीचा प्राध्यापक, एम. ए., वय सेहेचाळीस, तो चौकटीमागे उभा राहिला. पस्तीस मिनिटे हा फार मोठा काळ आहे, वाचकहो. कोपरापासून मुंग्या येतात आणि नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटते.

दार दोनदा हलले. मुक्ताने ते वहीत टिपून ठेवले आहे.