तसबिरीतली देवी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुन्या इमारती भराभर पुनर्विकासाला जात आहेत. सामानाची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरच्या काचेच्या तसबिरी खाली येतात आणि बऱ्याचदा थेट भंगारात जातात. म्हणूनच हा अंक अशा तसबिरींतून घरोघरी पोहोचलेल्या राजा रवि वर्मा यांच्या पौराणिक चित्रांवर काढायचं आम्ही ठरवलं.

रवि वर्मांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड, एकावर एक ठसे, आणि राजवाड्यातलं चित्र सामान्यांच्या घरी आलं. त्याच दशकात लंडनमध्ये चित्रकार फ्रेडरिक लेटन ग्रीक पुराणातली पर्सिफनी रंगवत होता. तैलरंगाची रीत दोघांची जवळची, पण आपल्याकडे चित्रातल्या देवीला हळदकुंकू वाहिलं गेलं.

१८९६ची सरस्वती नीट पाहा. खडकावर बसलेली, हाती वीणा, मागच्या हातांत पोथी आणि माळ, जवळ मोर. प्रतीकं परंपरेतली, साडीच्या निऱ्या मात्र अगदी ओळखीच्या! अर्थात, या चित्रांनी देवीचं रूप एकाच गोऱ्या साच्यात बसवलं, हा आक्षेपही आम्हाला रास्त वाटतो. अंकात त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

तुमच्या घरी अशी तसबीर असेल, तर तळाच्या बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव, कार्ला-लोणावळ्याचा पत्ता सापडतो का बघा. ती कुणी आणली, कुठे लावली होती, आम्हाला जरूर कळवा. आणि घर बदलताना ती टाकून देऊ नका.