हत्ती सीलांसाठी भारताने हॉबार्टमध्ये बोलावे: किनारपट्टीच्या नागरिकांना जाहीर आवाहन

दक्षिण जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिकमधले, ब्रिटनच्या ताब्यातले बेट. जगातल्या दक्षिणी हत्ती सीलांपैकी निम्म्याहून अधिक तिथल्याच किनाऱ्यांवर पिल्ले घालतात. २०२३ च्या ऑक्टोबरात एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू या बेटावर पोहोचला. तिथल्या तीन सर्वांत मोठ्या किनाऱ्यांची २०२२ आणि २०२४ मधली हवाई छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा विणीच्या माद्या ४७ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. साऱ्या बेटाचा हिशेब केला, तर सुमारे ५३,००० माद्या कमी भरल्या. काही माद्या त्या वर्षी किनाऱ्यावर न येता समुद्रातच राहिल्या असतील, असे म्हणता येते. पण तेवढ्यावर निश्चिंत होणे हा बेजबाबदारपणा आहे. मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे एवढी घट भरून निघायला अनेक वर्षे लागतात. अर्जेंटिनाच्या व्हाल्देस द्वीपकल्पावर तर २०२३ मध्ये सुमारे १७,००० पिल्ले, म्हणजे त्या हंगामातली जवळजवळ सगळीच, दगावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हिंद महासागरातल्या हर्ड बेटावरच्या हत्ती सीलांतही हाच विषाणू सापडला.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) २०१४ सालच्या मूल्यांकनात दक्षिणी हत्ती सीलाला धोका नसलेल्या वर्गात ठेवले होते. ते मूल्यांकन साथीच्या आधीचे आहे, आणि त्याचा दाखला देऊन स्वस्थ बसणाऱ्यांनी तारीख वाचावी.

दक्षिणेकडच्या या समुद्रांतल्या बेटांवरचा मनुष्याचा इतिहास लाजिरवाणा आहे. १८२५ पर्यंत एकट्या दक्षिण जॉर्जियातून सुमारे १२ लाख फर सीलांची कातडी गेली. १९०४ मध्ये नॉर्वेच्या कार्ल आंतोन लार्सेनने तिथे ग्रिटविकेनचा देवमासे कापण्याचा कारखाना उभारला आणि १९६५ पर्यंत या बेटावर सुमारे १,७५,००० देवमासे कापले गेले. अंटार्क्टिकचा निळा देवमासा आजही अतिसंकटग्रस्त आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड बेटांवर सागरसिंहांची १९९७-९८ मध्ये ३,०२१ पिल्ले जन्मली होती. २००८-०९ मध्ये १,५०१ उरली. स्क्विडच्या ट्रॉल जाळ्यांत अडकून प्राणी मेले, पिल्लांत जिवाणूंची साथ आली. शिकारीवर बंदी घातली की प्राणी सावरतात, याचा पुरावाही याच बेटांवर आहे: ऑकलंड बेटांच्या पोर्ट रॉस या खाडीत राइट देवमासे पुन्हा मोठ्या संख्येने विणीला येतात.

विषाणू रोखणे कुणाच्या हाती नाही, पण या समुद्रांतल्या प्राण्यांचे अन्न हिसकावणे थांबवता येते. जवळ्यासारखा दिसणारा, बोटभर लांबीचा क्रिल हे देवमाशांचे आणि फर सीलांचे मुख्य अन्न. दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड बेटावर क्रिल आटला की फर सीलांची पिल्ले कमी वजनाची जन्मतात. दक्षिण अटलांटिकच्या या पट्ट्यात क्रिल पकडण्याची मर्यादा हंगामाला ६,२०,००० टन आहे. ती उपक्षेत्रांत वाटून देणारा नियम २०२४ मध्ये मुदत न वाढवल्याने संपला, आणि लगेच २०२५ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम संपायच्या कितीतरी आधी, सगळी मर्यादा गाठली गेली. हा माल जातो माशांच्या खाद्यात आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूलमध्ये.

हे निर्णय ऑस्ट्रेलियातल्या हॉबार्ट येथे, दरवर्षी ऑक्टोबरात, अंटार्क्टिक सागरी सजीव संसाधन आयोगात होतात. तिथे सर्वसंमती लागते. एका देशाचा नकारही पुरतो. भारत या आयोगाचा सदस्य आहे. २०२१ मध्ये पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांना भारताने पाठिंबा जाहीर केला, तरी चीन व रशियाच्या विरोधामुळे ती रखडली आहेत. "तिकडच्या सीलांचे आपल्याला काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी नकाशा उघडावा: हर्ड बेटाला लागलेला महासागरच मुंबईला लागतो, आणि देवमाशांसाठी १९७९ मध्ये जाहीर झालेले हिंद महासागर अभयारण्य ५५ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे हर्डच्याही पलीकडे, जाते. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था तर गोव्यात, वास्कोला आहे. कोकणच्या ज्या किनाऱ्यावर वेळासपासून गावोगावच्या कासवमित्रांनी घरट्यांना रात्ररात्र पहारा दिला, त्या किनाऱ्याला सागरी जिवांची राखण शिकवावी लागत नाही. त्या कामाचा या किनाऱ्याला अभिमान आहे, म्हणूनच इथले मौन अधिक खटकते.

प्रत्येक ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी, महाविद्यालय आणि निसर्गमंडळाने नवी दिल्लीच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला पत्र लिहावे. मागण्या दोनच: क्रिलची मर्यादा पुन्हा उपक्षेत्रांत वाटावी, आणि संरक्षित क्षेत्रांसाठी भारताने केवळ अनुमोदन न देता पुढाकार घ्यावा. पत्राची प्रत स्थानिक खासदारांना द्यावी. क्रिल तेलाच्या कॅप्सूल घेऊ नयेत. कोळंबी शेतीवाल्यांनी खाद्यात क्रिलची भुकटी आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. मुंबई-पुण्याहून अंटार्क्टिकाच्या सहलीला जाणाऱ्यांनी बूट व कपडे निर्जंतुक करण्याचे नियम काटेकोर पाळावेत आणि फोटोसाठी सीलांजवळ जाऊ नये. शाळांनी वास्कोच्या संस्थेतील शास्त्रज्ञांना व्याख्यानासाठी बोलवावे. बैठक ऑक्टोबरात असल्याने गणेशोत्सव आटोपेपर्यंत पत्रे रवाना झालेली असावीत, आणि आलेले प्रत्येक उत्तर मंडळाच्या फलकावर लावावे.