९ + ७ = १४ : चूक कारकुनाची की वाचणाऱ्याची?

१/ कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातील मोडी दफ्तरे जतन केलेली आहेत. समजा, अशा एखाद्या हिशेबात ९ पै आणि ७ पै यांची बेरीज १ आणा ४ पै लिहिली आहे. कागद जीर्ण होऊन केवळ आकडे उरले, तर नवा वाचक म्हणेल : ९ अधिक ७ बरोबर १४? कारकून चुकला!

२/ कारकून चुकलेला नाही. ब्रिटिश चलनात १२ पैंचा १ आणा आणि १६ आण्यांचा १ रुपया होता. १ एप्रिल १९५७ रोजी १०० नव्या पैशांचा रुपया आला. पुढील पिढ्यांना दहाचा पाया स्वयंसिद्ध वाटू लागला.

३/ हा समज किती फसवा आहे, ते एका वर्गसमीकरणात पाहावे : क्ष² − १०क्ष + २८ = ०. दहाच्या पायात विवेचक १०० − ११२ = −१२. म्हणजे वास्तव मूळच नाही.

४/ पण पाया अज्ञात आहे आणि मुळे ४ व ८ आहेत, एवढे कळले तर? मुळांची बेरीज १२. समीकरणात ती ‘१०’ अशी लिहिली आहे. कोणत्याही पायात ‘१०’ म्हणजे तो पायाच. म्हणून पाया १२. पडताळा : मुळांचा गुणाकार ३२; ‘२८’ म्हणजे २ × १२ + ८ = ३२. हेच २ आणे ८ पै.

५/ वर्गसमीकरणे शिकवणाऱ्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’चा आरंभ कोष्टकांनी केला : २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क. आधी परिमाण, मग गणित.

६/ संदर्भावरून पाया कळतोच, असा आक्षेप येईल. परंतु एकाच कागदावर पैचा पाया १२, आण्याचा १६ आणि मणाचा ४० शेर असू शकतो. तेथे तळाची बेरीज हीच ज्ञात मुळांसारखी साक्ष देते. ती जुळवून पाहणे हे वाचनाचेच अंग आहे.

७/ म्हणून मोडी शिकणाऱ्याने अक्षरवाटिकेबरोबर जुनी कोष्टकेही पाठ करावीत. दफ्तरातील कारकून आपली बाजू मांडायला येणार नाही. त्याच्यावर अज्ञानाचा किंवा अफरातफरीचा ठपका ठेवण्यापूर्वी तो कोणत्या पायात मोजत होता, हे शोधणे हे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य आहे.