गोंगाट कीं रौद्ररस?

“हें संगीत नव्हे, हा गोंगाट आहे,” असा निकाल देऊन आमचीं सुशिक्षित घरें ज्या कलाप्रकाराला एकदां दार लावून घेतात, त्यासाठीं तें दार पुन्हां उघडण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. ‘डेथ मेटल’ व ‘थ्रॅश मेटल’ यांचें नशीब असेंच आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राशेजारीं राहणाऱ्यास गोंगाट कशाला म्हणतात हें शिकवावें लागत नाहीं. यंत्राच्या घरघरीला लय असते, पण हेतु नसतो. तिच्यांत ताण चढत नाहीं कीं सुटत नाहीं. या संगीताच्या आवाजाला हेतु आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न टीकाकारानें विचारावा.

थ्रॅश हा प्रकार १९८० नंतरच्या चारपांच वर्षांत अमेरिकेंत वाढला. ‘मेटॅलिका’चा पहिला संग्रह १९८३ चा. त्याच्या वेगाला अधिक काळोखी छटा व कंठाच्या तळांतून काढलेला गुरगुराट जोडून, त्या दशकाच्या उत्तरार्धांत डेथ मेटल सिद्ध झालें. मुंबईंत २००० सालीं साहिल मखीजा यांनीं ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ हा वाद्यवृंद उभारला. त्याचा २०१७ चा ‘दशावतार’ हा संग्रह म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचीं दहा इंग्रजी गीतें. विषय घरोघरचा आणि स्वर परका, म्हणून परीक्षेस हाच योग्य.

प्रथम त्याच्या बाजूचें बोलूं. ज्यांना हा आवाजच अभारतीय वाटतो, त्यांनीं भरताचें नाट्यशास्त्र आठवावें. रौद्र, भयानक व बीभत्स यांना तेथें शृंगाराच्याच पंक्तीस पान मांडलेलें आहे. खांब दुभंगतो, दैत्याचें पोट फाडलें जातें, ही कथा आपण मुलांना निजवितांना सांगतों. आणि तिला साजेसा आवाज कोणी काढला कीं कानांवर हात ठेवतों! दोन्ही पायांनीं धडधडविलेले ढोल, त्यांवर विजेच्या गिटारांची दाट झोड व मागें सुरावटींचा विस्तीर्ण पडदा, यांनीं जी उग्रता उभी राहते ती भजनी ठेक्यानें राहिली नसती. नाशिकच्या ढोलानें मिरवणुकींत छाती हादरते, तेव्हां तर आपण कौतुकानें थांबून पाहतों.

परंतु तरुण भक्तमंडळींनाही मोकळें सोडतां येत नाहीं. पुराणकथा घेतली, देशी वाद्यें मिसळलीं, म्हणजे प्रयोग झाला, हें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. विषयानें साधनाला बदलावयास लावावें, तेव्हां प्रयोग होतो. येथें साधन बहुधा हट्टी राहिलें आहे. नृसिंह गुरगुरला तर तें त्याचें बोलणेंच झालें. पण वामनबटूनें त्रिपाद भूमि मागावी ती याच कंठानें? बुद्धाची करुणा याच कंठांतून? शिवाय कथा शब्दांवर चालते, आणि हा गुरगुराट शब्दच गिळून टाकतो. गीत छापून हातीं न दिलें तर कोणता अवतार बोलत आहे हें शीर्षकावरूनच ओळखावें लागतें. मधूनमधून मोकळ्या गळ्याचें गायन येतें, तेथें मात्र गीताला श्वास मिळतो. तो मार्ग अधिक धरला असता तर!

कोंकणांतील दशावतारी खेळ पाहा. साधनें म्हणजे पेटी, मृदंग व झांज. संवाद लिहिलेले नसतात. तरी संकासुराची मालवणी थट्टा आणि राजाचें भारदस्त भाषण हीं डोळे मिटूनही वेगळीं ओळखूं येतात. गरिबीनें जें साधलें तें या श्रीमंत वाद्यसंभारानें साधूं नये, हें खटकतें.

मग संग्रह टाकाऊ ठरतो काय? मुळींच नाहीं. जो अर्धा सफल झाला, त्यावरच वाद घालण्यांत अर्थ असतो. खरी हानि निराळीच आहे. ज्या घरांत वडील ऐकल्यावांचून निकाल देतात, तेथें मुलगा विचार केल्यावांचून स्तुति करूं लागतो, आणि त्याच्या आवडीला कसोटी लावणारें कोणीच उरत नाहीं. वडिलांनीं ‘नृसिंह’ एकवार शेवटपर्यंत ऐकावा; मुलानें ‘बुद्ध’ ऐकून, यांत बुद्ध किती आणि सवय किती, हें स्वतःस विचारावें. मग त्या घरांत जें भांडण होईल तें संगीतावरचें होईल. आज होतें तें केवळ आवाजाच्या बटणावरून.