परतीचे भाडे कोणाच्या माथी?

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी महाराष्ट्रातल्या दुकानांत पिढ्यानपिढ्या लटकत होती. गिऱ्हाइकाने पैसे मोजले की त्याचा बोलण्याचा हक्क संपला, हा तिचा सरळ अर्थ. या वृत्तीविरुद्ध ग्राहक चळवळीने दीर्घकाळ झुंज दिली. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. 2019 च्या नव्या कायद्याने तर सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथाच ठरवली. बिलावर मुदत छापलेली नसेल तर 30 दिवसांच्या आत माल परत घेऊन पैसे देण्याचे बंधन घातले.

आता मोबाइलवरच्या बाजारात अनेक ठिकाणी नेमकी उलटी पाटी झळकते: ‘आवडले नाही तर परत करा, परतीचा खर्च शून्य.’ वरवर पाहता हा ग्राहकाचा संपूर्ण विजय वाटेल. परंतु अर्थव्यवहारात शून्य खर्चाची अशी कोणतीही गोष्ट नसते. सोलापूरहून नागपूरला गेलेले पार्सल परत सोलापूरला येते तेव्हा कोणीतरी ते उचललेले असते, कोणाचे तरी डिझेल जळालेले असते. ते पैसे कोणाच्या खिशातून जातात, हा प्रश्न ही पाटी झाकून ठेवते. तो उघड करणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. मन बदलले म्हणून माल परत करण्याची मुभा ग्राहकाला असावी, असे आमचे ठाम मत आहे. काही छोटे विक्रेते या मागणीवर चिडतात. ‘मालात खोट नाही, पाठवण्यात चूक नाही, मग परत का घ्यायचे?’ असे ते विचारतात. त्यांची चीड समजण्यासारखी असली तरी त्यांचा युक्तिवाद अपुरा आहे. दुकानात गेलेली बाई वीस साड्या उलगडून पाहते, पोत बोटांनी चाचपते, रंग उजेडात नेऊन बघते आणि प्रसंगी काहीही न घेता निघून जाते. यात कोणालाही अन्याय दिसत नाही. ऑनलाइन खरेदीत मात्र तिला केवळ छायाचित्र दिसते. वस्तू हातात घेऊन निर्णय करण्याचा क्षण तिच्या वाट्याला पैसे भरल्यानंतर येतो. म्हणून पसंत न पडलेली साडी परत पाठवणे म्हणजे दुकानातली साडी घडी घालून गादीवर ठेवणेच होय. दूर अंतरावरून विकण्याचा फायदा ज्याला हवा, त्याने या घडी घालण्याची सोयही केली पाहिजे.

मात्र दुकानातल्या घडीला भाडे पडत नाही. पार्सलाला पडते, आणि तेही दोन वेळा. खरा वाद येथून सुरू होतो.

आपला कायदा या ठिकाणी अर्ध्या वाटेवर थांबला आहे. जुलै 2020 मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याहून वेगळा निघाला, अथवा कबूल केलेल्या मुदतीनंतर पोचला, तर विक्रेत्याला तो नाकारता येत नाही. उशिरापुरता अपवाद आहे तो विक्रेत्याच्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. मालाच्या किमतीत डिलिव्हरीचा खर्च किती, परतीच्या अटी काय आणि परत पाठवण्याचा खर्च किती, हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगण्याचे बंधनही आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु मालात कसलीही खोट नाही आणि ग्राहकाचे केवळ मन बदलले आहे, अशा वेळी परतीचा सर्वसाधारण हक्क या नियमांनी दिलेला नाही. परतीचे भाडे विक्रेता आणि बाजारपेठ चालवणारी कंपनी यांच्यात कसे वाटावे, हेही त्या दोघांच्या करारावर सोडलेले आहे. करार म्हटला की दोन बरोबरीचे पक्ष डोळ्यांसमोर येतात. येथे एका बाजूला देशभर गोदामे असलेली कंपनी आहे आणि दुसऱ्या बाजूला चार यंत्रमागांचा धनी किंवा बारा बायकांचा बचत गट आहे. अटी एकाने लिहायच्या आणि दुसऱ्याने ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवायचे, एवढाच या कराराचा अर्थ उरतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, एक छोटा उत्पादक सोलापुरी चादर 800 रुपयांना विकतो. सूत, मजुरी, कंपनीचे कमिशन, बांधणी आणि पाठवणीचे भाडे वजा जाता त्याला प्रत्येक चादरीमागे 60 रुपये उरतात. जाण्याचे भाडे 80 रुपये, येण्याचे 90 आणि नव्याने बांधणीचा खर्च 20 रुपये धरू. परत आलेली चादर पुन्हा विकण्याजोगी आहे आणि कंपनीने आपले कमिशनही परत दिले, असे त्याच्या सोयीचेच गृहीत धरू. दहा चादरींपैकी एक परत आली, तर नऊ चादरींचे 540 रुपये मिळाले आणि एकीच्या फेरीत 190 गेले. हाती उरले 350. दोन परत आल्या तर उरतात 100. तीन परत आल्या की सात चादरी विकूनही 150 रुपयांचा तोटा! माल उत्तम, दाम वाजवी, पाठवणी वेळेवर. आणि तरीही हा माणूस बुडतो. मोठी कंपनी असा तोटा लाखो व्यवहारांत पसरून टाकते. ज्याचे सगळे भांडवलच महिन्याला शंभर चादरींचे आहे, त्याने तो कोठे पसरायचा?

मग तो तीनपैकी एक मार्ग धरतो. पहिला, किंमत वाढवतो; म्हणजे जो ग्राहक विचार करून घेतो आणि काहीही परत करत नाही, तोच दुसऱ्याच्या परतीचे भाडे भरतो. दुसरा, सुतात आणि मजुरीत काटछाट करतो. म्हणजे ते भाडे मागावरच्या कामगाराच्या पोटातून निघते. तिसरा, फोन उचलत नाही, मुदत टाळतो, ‘गैरवापर झाला आहे’ असे खोटे कारण पुढे करतो. तेव्हा ग्राहक त्याला लबाड म्हणतो, तो ग्राहकाला उपटसुंभ म्हणतो, आणि ज्याने हा सगळा डाव मांडला तो वर बसून दोघांकडून ‘तारे’ गोळा करतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

या कोंडीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न युरोपात झाला आहे, तो आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगा आहे. जर्मनीत हाइनरिक हाइने या नावाची पत्रव्यवहाराने माल विकणारी एक कंपनी पाठवणीपोटी 4.95 युरो आकारत असे. ग्राहकाने सौदा रद्द केला तरी ही रक्कम ती परत देत नसे. नॉर्थ राइन-वेस्टफालिया प्रांतातील ग्राहक संघटना तिच्याविरुद्ध न्यायालयात गेली. प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत पोचले आणि एप्रिल 2010 मध्ये निकाल लागला, की जाण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी मारता येणार नाही. न्यायालयाची कारणमीमांसा मार्मिक होती. परतीचे भाडे ग्राहकावर टाकता येतेच. त्याच्या जोडीला जाण्याचेही टाकले, तर दूरच्या व्यवहारातील जोखमीच्या वाटणीचा तोल ढळतो आणि ग्राहक आपला हक्क वापरायलाच कचरतो.

2011 च्या युरोपीय निर्देशाने ही वाटणी कायद्यात उतरवली; तो जून 2014 पासून लागू झाला. माल हाती आल्यापासून 14 दिवसांत ग्राहक कारण न देता सौदा रद्द करू शकतो. विक्रेत्याने त्याला वस्तूची किंमत आणि साध्या पाठवणीचा खर्च परत द्यायचा. ग्राहकाने हौसेने जलद पाठवणी मागितली असेल तर त्यासाठीचा जादा आकार परत मिळत नाही. माल परत पाठवण्याचे भाडे ग्राहकाने सोसायचे. मात्र ही गोष्ट विक्रेत्याने आधी सांगितली नसेल तर ते विक्रेत्यावर पडते. माल किंवा तो पाठवल्याचा पुरावा हाती येईपर्यंत विक्रेता पैसे रोखून धरू शकतो. दुकानात पाहावी तशी वस्तू पाहिली तर हरकत नाही. त्यापलीकडे ती वापरून तिची किंमत घटवली, तर तेवढी भरपाई ग्राहकाने द्यायची. लग्नात मिरवून सोमवारी परत पाठवलेल्या शालूचा प्रश्न यात सुटतो. ग्राहकाच्या मापाने बनवलेली वस्तू, नाशवंत खाद्यपदार्थ, आरोग्याच्या कारणाने मोहोरबंद केलेला आणि मग उघडलेला माल यांना हा हक्क लागू नाही.

जाण्याचे भाडे विक्रेत्याचे, येण्याचे ग्राहकाचे. हे या व्यवस्थेचे सार. आता हीच वाटणी आपल्या चादरवाल्याच्या हिशेबाला लावून पाहा. प्रत्येक परतीमागे त्याचे 190 ऐवजी 100 रुपये जातात. एक चादर परत आली तर त्याच्या हाती 440 उरतात, दोन आल्या तर 280, आणि तिन्ही आल्या तरी 120. तो तगतो. ग्राहकही तगतो, कारण 800 रुपयांच्या वस्तूवर 90 रुपये पणाला लागलेले असले की माणूस मागवताना क्षणभर थांबतो. तीन मापांचे तीन कपडे मागवून दोन परत पाठवण्याची चैन जरा कमी होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. गडचिरोलीच्या गावातून माल परत पाठवायचा तर भाडे अधिक पडेल आणि गरीब ग्राहकाचा हक्क कागदावरच राहील. म्हणूनच परतीच्या भाड्याला वाजवी मर्यादा हवी, टपाल खात्याचा दर हे त्याचे माप असावे, आणि आकडा खरेदीआधी डोळ्यांसमोर हवा. सदोष मालाच्या बाबतीत तर ग्राहकाकडून एक पैसाही घेता कामा नये. एखाद्या कंपनीला याहून अधिक उदार व्हायचे असेल तर तिने खुशाल व्हावे. पण उदारता ज्याची, खर्चही त्याचा! स्वतःच्या नावाने ‘मोफत परत’ अशी जाहिरात करायची आणि बिल विक्रेत्याच्या खात्यातून वळते करायचे, हा दानधर्म दुसऱ्याच्या धान्यावर चाललेला आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. दूरच्या खरेदीत मन बदलण्याची निश्चित मुदत कायद्याने ठरवावी आणि अपवाद नावानिशी लिहावेत. भाड्याची वाटणी वरीलप्रमाणे कायद्यातच असावी. सौदा रद्द झाला की बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्याला कमिशन आणि इतर आकार पूर्णपणे परत द्यावेत. परत आलेला माल खराब होता की चांगला, यावर तंटा झाला तर कंपनीने कारण व पुरावा देऊन निर्णय करावा आणि त्यावर अपिलाची सोय असावी. पार्सल परत आणायला तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या तरुणालाही त्या फेरीचे दाम मिळाले पाहिजे. राजस्थानने 2023 साली अशा कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा हे काम ‘भागीदारी’ नसून मजुरी आहे याची दखल निदान एका राज्याने घेतली.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपल्या परिसरातले बचत गट आणि सहकारी संस्था स्वतःचा माल थेट ऑनलाइन विकत असतील, तर कार्यकर्त्यांनी त्यांच्यासोबत बसून चार ओळींचा नियम लिहून काढावा. किती दिवसांत परत घेऊ, जाण्याचे भाडे आम्ही सोसू, येण्याचे तुमचे, आमची चूक असेल तर दोन्ही आमचे. पापड-लोणची आणि मापाने शिवलेले कपडे यांत मन बदलल्याची परत नाही, हे खरेदीआधीच सांगावे. ‘पाठवणी मोफत’ असे एकदा म्हटले की परतीच्या वेळी ते भाडे कापून घेऊ नये. तो शब्द फिरवणे झाले. पार्सल बांधताना वस्तूचे छायाचित्र काढून ठेवावे आणि माल परत आला की त्याच दिवशी तपासावा. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने, ठरलेल्या तारखेच्या आत परत करावेत. ‘पैशांऐवजी दुसरी वस्तू घ्या’ असा आग्रह धरू नये. दर महिन्याच्या नफ्यातून थोडी रक्कम परतीसाठी बाजूला टाकावी, म्हणजे पैसे परत देताना हात आखडणार नाही.

हे सांगण्यामागे केवळ व्यवहारचातुर्य नाही. ग्राहक आणि छोटा उत्पादक हे दोघेही कष्ट करून जगणारे. आज दुपारी चादर विणणारा संध्याकाळी मोबाइलवर मुलाचे दप्तर मागवतो, आणि उद्या ते पसंत पडले नाही तर तोही परत पाठवणार आहे. या दोघांना एकमेकांवर उठवणारी व्यवस्था बदलायची, तर परतीच्या पार्सलवर लिहिलेला हिशेब त्यांना एकत्र बसून वाचता आला पाहिजे. ते वाचन आपल्या शाखांच्या बैठकांतून सुरू व्हावे.