पाट आधी, कारखाना मागून

मराठवाड्याच्या माणसात धडाडी नाही, हे मी चाळीस वर्षं ऐकतोय. भाषणाला येणारा जो तो प्रवरानगरचा दाखला देतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळ पाठीशी राहिले, १९५० साली कारखाना सुरू झाला. खरं आहे, त्या माणसांना दंडवत. पण भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालीच पुरं झालं होतं, हे कुणी सांगत नाही. पाटाला पाणी होतं, रानात ऊस होता, म्हणून शेअरला पैसा निघाला. आमच्या बालाघाटावर तेव्हा मुरमाड रान, बाजरी, अन् १९४८ पर्यंत निजामाचं राज्य.

आणि हिंमत म्हणाल तर दिवाळीच्या आगंमागं बीडकडचं जोडपं संसार गाडीत भरतं, लेकरं घेतं अन् परमुलखात जातं. मुकादमाची उचल अंगावर, कोपीत मुक्काम, चार-पाच महिने ऊसतोड. नवराबायको मिळून एक कोयता. हिशेबात बाईचं नावच नाही. यापरीस मोठी जोखीम कोणता कारखानदार घेतो? नफा मात्र ज्याचा ऊस त्याचा, कारण सभासद तोच.

बँक सातबारा मागते, वर जामीनदार. ज्याच्या आज्याला गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच्या नावावर गुंठा कुठनं यावा? त्याच्या पोरानं उसनवारी करून फाट्यावर हॉटेल टाकलं, तर गावातले किती जण त्याच्या हातचा चहा पितात, ते एकदा त्या भाषणवाल्यांनी बाकड्यावर बसून मोजावं.