'शिवकल्याण राजा'चा पहिला नंबर

पॉप-रॉकच्या सार्वकालिक अल्बमांची यादी निघाली की बीटल्स आणि पिंक फ्लॉइड ही नावे आधी येतात. गिरगाव-दादरच्या रसिकांतही येतात, आणि त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते पुढचे विधान: मराठीत गाणी उदंड, पण अल्बम नाही, एका सूत्रात ओवलेली अखंड तबकडी ही विलायती रॉकवाल्यांची करामत.

आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. नाट्यपदे, भावगीते त्या मापात बसवली गेली. लाँगप्ले आल्यावरही अनेकदा जुनीच गाणी एकत्र बांधून विकली गेली.

पण सूत्राची जाण परक्यांकडून आली, हे साफ चूक. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम लालबाग-परळच्या गिरणगावाला तोंडपाठ होता. दादरकर सुधीर फडके यांनी गदिमांच्या ५६ गीतांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत अशा गतीने उभे केले, तेव्हा बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला बारा वर्षे अवकाश होता.

ते रेडिओसाठी होते, हे कबूल. मग १९७४ पाहा. शिवराज्याभिषेकाची त्रिशताब्दी, शिवाजी पार्कवर बाबासाहेब पुरंदऱ्यांची शिवसृष्टी उभी राहिलेली. त्याच निमित्ताने हृदयनाथ मंगेशकरांनी 'शिवकल्याण राजा' बांधला. त्यात रामदास आणि भूषण हे सतराव्या शतकातले; सावरकर, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज विसाव्यातले. भाषा वेगळ्या, छंद वेगळे. ही सगळी मोट बांधली लताबाईंच्या स्वराने आणि पुरंदऱ्यांच्या निवेदनाने. 'वेडात मराठे वीर दौडले सात' हे गीत सुटे ऐकले तरी अंगावर काटा येतो. पण निवेदनामागून आले की नेसरीच्या खिंडीत शत्रूवर तुटून पडलेले प्रतापराव गुजर डोळ्यांसमोर उभे राहतात.

हीच युक्ती पिंक फ्लॉइडने 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) केली. गाण्यांच्या सांध्यांत माणसांचे बोलणे पेरले. त्यात अॅबी रोड स्टुडिओचा दरवानही आहे. परिणाम विलक्षण, म्हणून माझ्या यादीत त्याला दुसरा मान. मात्र ती बोलणी तुटक आहेत, वातावरणापुरती. पुरंदऱ्यांचा शब्द पुढच्या पदाला हात धरून आणतो. 'शिवकल्याण राजा'चा पहिला क्रम ठरतो तो इथे.

'सार्जंट पेपर' तिसरा. काल्पनिक बँडचे सूत्र सुरुवातीला दिसते आणि थेट शेवटाकडे पुन्हा डोके वर काढते. मधली गाणी अप्रतिम, पण आपापली. आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी संबंध नव्हता, असे जॉन लेननने स्वतःच पुढे सांगून टाकले.

चौथा 'गारवा' (१९९८). सौमित्रचे काव्यवाचन आणि मिलिंद इंगळेची गाणी यांतून त्यात एकच पाऊस पडत राहतो. कॅसेटच्या काळात घराघरांत पोचलेला हा अल्बम कुठल्याही चित्रपटाच्या कुबड्यांवर उभा नव्हता.